२०० अँपिअरच्या चार्जरसाठी तांबे की ॲल्युमिनियम? एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. रबाळ्याच्या एमआयडीसीत आपला छोटा गाळा आहे, तेथे आपण ४८ व्होल्ट, २०० अँपिअरचे बॅटरी चार्जर बनवता. आतल्या पट्ट्या, म्हणजे बसबार, आणि वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या डायोडांखालचे हीट सिंक, म्हणजे उष्णता हवेत सोडणारे पात्यांचे ठोकळे, या दोन्हींसाठी आपण वाहकतेचा तक्ता पाहिला. त्यात पहिली चांदी, दुसरे तांबे, मग सोने आणि चौथे ॲल्युमिनियम असा क्रम दिसला. ग्राहक म्हणतो, सगळे तांब्याचेच हवे. त्या भावात माल परवडत नाही. म्हणून आपण विचारले आहे की वीज आणि उष्णता ही दोन्ही कामे चांगली करणारा एकच धातू घ्यावा का, घ्यायचा तर कोणता, आणि सांध्यांवर चांदीचा मुलामा दिल्याने काही फरक पडेल का.

मी ठाण्यात बरीच वर्षे रेक्टिफायर (एसी विजेची डीसी करणारे यंत्र) आणि पॅनेलच्या कामात आहे. त्या अनुभवावरून आधी एक गोष्ट सांगतो: आपण विचारलेला प्रश्न आणि आपली खरी अडचण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणता धातू सर्वांत चांगला, याचे उत्तर तक्त्यातच आहे. आपल्या यंत्रात वीज आणि उष्णता नेमकी कोठे अडते आणि तेथे धातू बदलून काही साधते का, हे मात्र तक्ता सांगत नाही. घोडबंदर रस्ता मागे कितीही रुंद केला तरी गाड्या गायमुखच्या घाटातच तुंबायच्या; तसेच येथे आहे.

आधी तक्त्याविषयी. चांदी आणि तांब्यातला फरक लोक समजतात त्यापेक्षा फार लहान आहे. तांबे १०० धरले तर चांदी साधारण १०५ किंवा १०६, सोने ७० च्या आसपास, विजेच्या कामासाठीचे ॲल्युमिनियम ६१, पितळ २७-२८, आणि ३०४ जातीचे स्टेनलेस स्टील जेमतेम अडीच. चांदीने मिळणारा पाच-सहा टक्क्यांचा फायदा तांब्याची पट्टी किंचित जाड घेऊनही मिळतो, त्यामुळे पट्टीसाठी चांदीचा विचार मनातून काढून टाकावा. इतिहासात एकदा मात्र चांदीच्या पट्ट्या खरोखर वापरल्या गेल्या: दुसऱ्या महायुद्धात युरेनियम वेगळे करण्याच्या अमेरिकी कारखान्यातील विद्युतचुंबकांसाठी तेथील सरकारी खजिन्यातून १३ हजार टनांहून अधिक चांदी उसनी घेतली गेली होती. त्याचे कारण वाहकता नव्हते; युद्धामुळे तांब्याचा तुटवडा होता, एवढेच. धातूची निवड बहुतेक वेळा अशाच कारणांवर ठरते.

उष्णतेचा तक्ताही जवळजवळ त्याच क्रमाने जातो आणि हा योगायोग नाही. धातूंमध्ये वीज आणि उष्णता दोन्ही मुख्यतः मोकळे इलेक्ट्रॉनच वाहून नेतात. १८५३ साली वीडेमान आणि फ्रान्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की ठरावीक तापमानाला या दोन वाहकतांचे गुणोत्तर निरनिराळ्या धातूंसाठी जवळजवळ सारखेच येते. तांब्याच्या विद्युतवाहकतेवरून हिशेब केला तर उष्णतावाहकता ४१५ वॉट प्रति मीटर केल्विन येते, आणि प्रत्यक्ष मोजलेले मूल्य ४०० च्या आसपास आहे. या नियमाचा गाळ्यात उपयोग कसा करायचा ते पुढे सांगतो. शुद्ध ॲल्युमिनियम २३७, हीट सिंकच्या एक्स्ट्रूजनचे, म्हणजे साच्याच्या भोकातून दाबून काढलेले, ६०६३ मिश्रधातू २०० च्या थोडे वर, डायकास्टिंगचे, म्हणजे साच्यात ओतलेले, एडीसी-१२ शंभराच्याही किंचित खाली, आणि ३०४ स्टेनलेस १६. ‘ॲल्युमिनियम’ या एकाच नावाखाली किती अंतर आहे ते येथेच दिसते. पटींत पाहिले तर ओतीव आणि एक्स्ट्रूड केलेल्या ॲल्युमिनियममधला फरक तांबे आणि एक्स्ट्रूड ॲल्युमिनियममधल्या फरकाएवढाच मोठा आहे, पण खरेदी करताना तो क्वचितच कोणी विचारात घेतो.

आता आपल्या पट्ट्यांकडे येऊ. आपण २५ बाय ५ मिलिमीटरची तांब्याची पट्टी लिहिली आहे. तिचा काटछेद १२५ चौरस मिलिमीटर आणि एका मीटरचा रोध सुमारे ०.१४ मिलिओहम. २०० अँपिअर वाहताना तिच्यात मीटरमागे साडेपाच वॉट उष्णता निर्माण होते आणि २७-२८ मिलिव्होल्ट उतरतात. ४८ व्होल्टच्या मानाने ही घट दखल घेण्याजोगीही नाही. त्याच मापाची ॲल्युमिनियमची पट्टी लावली तर मीटरमागे नऊ वॉट होतील, आणि चौरस मिलिमीटरला १.६ अँपिअर हा भार बंद पेटीत ॲल्युमिनियमला जड जातो. पण ४० बाय ५ ची ॲल्युमिनियमची पट्टी घेतली तर रोध तांब्याच्या जवळपास तेवढाच येतो, मीटरमागे तेच साडेपाच-पावणेसहा वॉट होतात, वजन मात्र १.१ किलोऐवजी अर्ध्या किलोच्या थोडे वर भरते. शिवाय तेवढीच उष्णता बाहेर टाकायला पृष्ठभाग दीडपट मिळतो, त्यामुळे ही रुंद पट्टी तांब्याच्या अरुंद पट्टीपेक्षा थोडी थंडच राहते. तांब्याचा किलोचा भाव गेली काही वर्षे ॲल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक राहिला आहे आणि येथे वजनही निम्मे आहे, तेव्हा हिशेब आपला आपण करू शकाल.

मग सगळेच ॲल्युमिनियम का नाही? कळव्याच्या उपकेंद्राकडे जाणाऱ्या वाहिन्यांसारख्या उच्चदाब वाहिन्यांना जागेची अडचण नसते, म्हणून तेथे पोलादी गाभ्याच्या ॲल्युमिनियमच्या तारा चालतात. आपल्या पेटीत जागा असते तेथेच ॲल्युमिनियम चालेल. ट्रान्सफॉर्मरचे वेटोळे, वाकवायच्या जोडण्या, सतत हलणारी तारांची वेणी, केबलच्या टोकाचा लग (बोल्टाला अडकवायचे कडे) आणि ग्राहक स्वतः कधीतरी पाना लावून उघडेल ते बाहेरचे टर्मिनल, या ठिकाणी मी तांबेच वापरतो आणि आपणही वापरावे. ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकते, वारंवार वाकवले तर तुटते, आणि एकदा सैल झालेला त्याचा सांधा आपोआप सुधारत नाही.

खरी अडचण सांध्यांतच आहे, म्हणून येथे थोडे थांबतो. आपण लिहिले आहे की चार्जर भारावर चालत असताना एका बोल्टाजवळ पट्टीचा रंग बदलतो, पण उरलेली पट्टी हाताला फक्त कोमट लागते. म्हणजे पट्टीचा धातू पुरेसा आहे आणि सांधा वाईट आहे. एखाद्या सांध्याचा रोध अर्धा मिलिओहम झाला तर २०० अँपिअरला त्या एका जागी २० वॉट तयार होतात. साडेतीन मीटर पट्टीत जेवढी उष्णता निर्माण व्हावी तेवढी ती बोल्टाखालच्या दोन-तीन सेंटिमीटरमध्ये कोंडते. असा सांधा तसाच ठेवून तांब्याऐवजी चांदी घातली तरी काही उपयोग होणार नाही.

सांधा वाईट का होतो? दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या की डोळ्याला त्या पूर्ण टेकलेल्या दिसतात, पण प्रत्यक्षात त्या काही थोड्या उंचवट्यांवरच टेकतात आणि वीज तेवढ्याच बिंदूंतून जाते. हे बिंदू दाबाने वाढतात. नुसते क्षेत्र वाढवून फारसे वाढत नाहीत. ॲल्युमिनियमवर तर हवेचा स्पर्श होताच ऑक्साइडचा पापुद्रा बसतो, आणि तो विजेला अडवतो. म्हणून ॲल्युमिनियमची पट्टी जोडण्याच्या वेळीच तारेच्या ब्रशने घासावी, लगेच जॉइंट कंपाउंड, म्हणजे हवा अडवणारा लेप, लावावे आणि त्यातूनच पुन्हा एकदा घासून मग बोल्ट आवळावा. आदल्या दिवशी घासून ठेवलेली पट्टी न घासल्यासारखीच असते. वॉशर कोनाकृती, म्हणजे बशीसारखा, वापरावा. याचे कारण प्रसरण आहे: तापमान एक अंशाने वाढले की एक मीटर ॲल्युमिनियम सुमारे २३ मायक्रॉन, तांबे १७ आणि पोलादी बोल्ट १२ मायक्रॉन वाढतो, आणि रोज तापणाऱ्या-निवणाऱ्या सांध्यात हा फरक बोल्टाची पकड हळूहळू खातो. बशीसारखा वॉशर ती पकड धरून ठेवतो. साधा स्प्रिंग वॉशर एकदा चपटा झाला की त्याचे काम संपते.

आणखी एक गोष्ट मी अनेक गाळ्यांत पाहिली आहे. लग आणि पट्टी यांच्या मध्ये स्टेनलेसचा वॉशर सरकवलेला असतो, कारण त्यामुळे भोक झाकले जाते आणि काम दिसायला नीट दिसते. सगळा प्रवाह त्या वॉशरमधून जातो आणि त्याची वाहकता तांब्याच्या अडीच टक्के आहे. लग थेट पट्टीला टेकला पाहिजे. वॉशरची जागा बोल्टाच्या डोक्याखाली आणि नटाखालीच. एसीच्या पाइपचा तुकडा चपटा करून त्याचा लग बनवण्याची रीतही टाळावी. ते तांबे फॉस्फरस घालून तयार केलेले असते. पाइपच्या झाळकामाला ते उत्तम असते, पण फॉस्फरसच्या अगदी थोड्या अंशानेही त्याची विद्युतवाहकता शंभरावरून ८० च्या आसपास किंवा त्याखाली येते.

तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट भिडवणे आपल्या भागात विशेष घातक आहे. एका बाजूला ठाण्याची खाडी, तिची खारट दमट हवा आणि पावसाळ्याचे चार महिने, दुसऱ्या बाजूला कारखान्यांचा पट्टा. दोन धातूंच्या मध्ये ओलावा साचला की ॲल्युमिनियम झिजू लागते. दोन्ही पृष्ठभागांवर टिन प्लेटिंग करून घ्यावे किंवा मध्ये बायमेटल वॉशर घालावा, ज्याची एक बाजू तांब्याची आणि दुसरी ॲल्युमिनियमची असते. उघड्यावरच्या जोडणीत ॲल्युमिनियम वर आणि तांबे खाली ठेवावे, म्हणजे तांब्याचे क्षार पाण्याबरोबर ॲल्युमिनियमवर ओघळणार नाहीत. चांदीच्या मुलाम्याचे उत्तरही येथेच येते. काँटॅक्टरच्या, म्हणजे विजेने चालणाऱ्या मोठ्या स्विचच्या, टोकांना चांदीचे मिश्रधातू लागतात, कारण ती टोके सतत उघडतात, बंद होतात आणि ठिणगी सोसतात. आपले सांधे एकदा आवळले की वर्षभर तसेच राहतात, आणि ओहोटीला खाडीच्या चिखलातून येणारा तो कुजकट वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. चांदी काळी पडते ती याच वायूने. स्थिर सांध्यांसाठी टिन स्वस्तही आहे आणि या हवेत शहाणपणाचेही आहे.

आता हीट सिंक. आपल्या डायोडांत मिळून सुमारे एक व्होल्ट उतरतो असे धरले तर २०० अँपिअरला २०० वॉट झाले. पट्ट्यांच्या मीटरमागच्या साडेपाच वॉटशेजारी हा आकडा ठेवून पाहा. उष्णतेचा प्रश्न मुख्यतः येथेच आहे. डायोडांच्या चार मॉड्यूलमध्ये ५०-५० वॉट वाटले गेले आणि प्रत्येकाचा तळ ९ चौरस सेंटिमीटर आहे असे समजू. तळाखालची उष्णतावाहक पेस्ट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी आणि तिची उष्णतावाहकता वरच्याच एककात एक असेल तर तीत साडेपाच अंश उतरतात. त्याखालच्या आठ मिलिमीटर ॲल्युमिनियममध्ये सरळ खाली जाताना सुमारे दोन अंश. तेथे तांबे घातले तर एक अंश. मग पात्यांपासून हवेपर्यंत, पंखा चालू असताना, समजा ३५ अंश. म्हणजे चाळिसाहून अधिक अंशांच्या चढात तांब्याने एक अंश वाचला, आणि सिंकचे वजन तिपटीहून जास्त झाले. पेस्ट मात्र हात सैल सोडून ०.३ मिलिमीटर थापली तर तिच्यातच १६-१७ अंश जातात. पेस्टचे काम फक्त खाचा भरण्याचे आहे. ती पट्टीने ओढून इतकी पातळ करावी की खालचा धातू अर्धवट दिसेल.

हा हिशेब थोडा सरळ केलेला आहे, हे मान्य करतो. मॉड्यूलचा तळ लहान आणि सिंक मोठे असेल तर उष्णतेला आडवेही पसरावे लागते. तेथे पाच-सहा मिलिमीटरची तांब्याची प्लेट मॉड्यूल आणि ॲल्युमिनियम सिंक यांच्या मध्ये घातल्याने खरोखर फायदा होतो, पण त्याबरोबर एक जादा सांधाही येतो, त्यामुळे दोन्ही पृष्ठभाग सपाट घासलेले नसतील तर हा खटाटोप करू नये. नुसत्या हवेवर चालणाऱ्या, पंखा नसलेल्या सिंकला काळे ॲनोडायझिंग, म्हणजे पृष्ठभागावर मुद्दाम चढवलेला ऑक्साइडचा थर, उपयोगी पडते, कारण घासलेल्या ॲल्युमिनियममधून उष्णतेचे प्रारण फार कमी होते आणि ॲनोडाइझ केलेल्या पृष्ठभागातून ते भरपूर होते. आपल्याकडे पंखा आहे, त्यामुळे त्याचा लाभ किरकोळच राहील. पंख्यापुढची जाळी धुळीने बुजली असेल तर आधी ती साफ करावी. रबाळ्यात तीन-चार महिन्यांत ती बुजते.

एकच धातू दोन्ही कामे करतो अशी एक जागा आपल्या चार्जरमध्ये असू शकते. काही डायोडांचा धातूचा तळ हाच त्यांचा कॅथोड, म्हणजे वीज बाहेर पडण्याचे टोक, असतो. असे दोन डायोड एका सिंकवर थेट बसवले तर ते सिंक हाच धन बसबार होतो, आणि त्याच ॲल्युमिनियममधून २०० अँपिअर आणि २०० वॉट दोन्ही वाहतात. ही रचना जुनी आणि चांगली आहे, कारण मधला विद्युतरोधक थर वाचतो. पण त्यासाठी सिंक पेटीपासून अलग बसवावे लागते, बोल्टाखालचे ॲनोडायझिंग खरवडून काढावे लागते, आणि ते सिंक विद्युतभारित आहे अशी पाटी लावावी लागते. बॅटरी जोडलेली असताना त्यावर पडून ऋण पट्टीलाही टेकलेला पाना लाल होतो. आपल्या मॉड्यूलचा तळ आतूनच विजेपासून विलग असेल तर हा प्रश्न येत नाही. तळ विलग नसेल आणि सिंक पेटीला जोडायचे असेल तर मध्ये असा पदार्थ हवा जो उष्णता जाऊ देईल पण वीज अडवेल. अभ्रकाची उष्णतावाहकता एकाच्याही खाली आहे, सिलिकॉनच्या पॅडची एक ते तीन, ॲल्युमिना सिरॅमिकची २५ च्या आसपास आणि ॲल्युमिनियम नायट्राइडची त्याच्या कितीतरी पट. वरचा वीडेमान-फ्रान्झचा नियम येथे लागू होत नाही, कारण या पदार्थांत उष्णता इलेक्ट्रॉन नेत नाहीत, ती अणूंच्या कंपनांतून जाते. जुन्या भागांत बेरिलियम ऑक्साइड आढळू शकते. त्याची धूळ विषारी असल्याने असा तुकडा घासू किंवा फोडू नये.

शेवटी खरेदी आणि तपासणी. मुंबईच्या गुलालवाडीतल्या धातूबाजारातून किंवा जवळच्या भंगारवाल्याकडून आलेली तांब्याची पट्टी रंगाने सारखीच दिसते, पण तिच्यात काय मिसळले आहे ते रंगावरून कळत नाही. ॲल्युमिनियम घेताना विजेच्या कामासाठीची जात, म्हणजे १९५०१ किंवा ६३४०१, स्पष्ट लिहून मागावी. खिडक्यांच्या कामाचे एक्स्ट्रूजन त्या जागी चालवू नये. आणि तपासणीसाठी प्रयोगशाळा लागत नाही, आपला चार्जरच पुरेसा आहे. पट्टीतून १०० अँपिअर सोडावेत, बोल्टांपासून दूर, बरोबर एक मीटर अंतरावर मल्टिमीटरची दोन टोके टेकवावीत आणि मिलिव्होल्ट वाचावेत. २५ बाय ५ च्या चांगल्या तांब्याला ३० अंश तापमानात १४ च्या थोडे वर वाचन यायला हवे. १७-१८ आले तर आधी व्हर्नियरने माप घ्यावे, कारण २५ बाय ५ म्हणून विकलेली पट्टी साडेचोवीस बाय ४.७ निघाली तर आठ टक्के येथेच गेले. माप बरोबर असेल तर धातूत भेसळ आहे. सिंकच्या पट्टीवरही हीच चाचणी घ्यावी. विजेची वाहकता कळली की वर सांगितलेल्या नियमाने तिची उष्णतावाहकताही अंदाजे कळते, आणि विक्रेत्याने ६०६३ म्हणून ओतीव माल दिला असेल तर तो लपत नाही. मग तीच टोके प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना टेकवावीत. चांगला सांधा तेवढ्याच लांबीच्या अखंड पट्टीएवढे किंवा त्याच्या दुपटीएवढे, म्हणजे एक मिलिव्होल्टच्या आसपास, दाखवतो. पाच दाखवणारा सांधा उघडून घासावा. रंग बदललेला आपला तो बोल्ट मला वाटते यापेक्षा बरेच जास्त दाखवेल.

ग्राहकाच्या ‘सगळे तांब्याचेच’ या आग्रहाला मी वाद घालून उत्तर देत नाही. दोन किमती देतो, एक पूर्ण तांब्याची आणि एक मिश्र. दोन्हींसोबत पूर्ण भारावर दोन तास चालवल्यानंतरचे टर्मिनलचे, सर्वांत गरम सांध्याचे आणि डायोडच्या तळाचे तापमान लिहून देतो. काही ग्राहक तरीही तांबेच मागतात. त्यांच्या यंत्राची जागा खरोखर कोंदट किंवा हादऱ्यांची असेल तर त्यांचे बरोबर असते, आणि जागा साधी असेल तरी पैसे त्यांचे असतात. आपल्या चार्जरचे असे आकडे आणि मॉड्यूलचा क्रमांक येथे लिहिलात, तर तळ विलग आहे की नाही आणि ४० बाय ५ ची पट्टी आपल्या पेटीत बसेल का, हे नेमके सांगता येईल.